वारली चित्रं शाळेत शिकवताना: मोबाइल, प्रोजेक्टर आणि बांबूची काडी

पहिल्यांदा वारलीचा तास घेतला तेव्हा मी इंटरनेटवरून उतरवलेला १२ मिनिटांचा व्हिडिओ लावला. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं. व्हिडिओ संपला, कागद वाटले आणि अर्ध्या तासाने ४० कागदांवर साधारण एकच माणूस उभा होता: दोन त्रिकोण, वर गोळा, चार काड्या. निम्म्यांनी त्याला डोळे, नाक आणि हसूही काढलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, ते काका काडी रंगात किती बुडवतात ते दिसलंच नाही.”

तिचं बरोबर होतं. व्हिडिओत गाव होतं, भिंत होती, पूर्ण झालेलं चित्र होतं, मागे संगीत होतं. चित्र काढणारा हात मात्र एकूण १५ सेकंद, तोही पाठीमागून. तेव्हापासून शाळेत काहीही पडद्यावर लावायच्या आधी मी एवढंच बघते: यात हात दिसतोय का? नसेल, तर तो व्हिडिओ कितीही देखणा असला तरी चित्रकलेच्या तासाला कामाचा नाही. इतिहासाच्या तासाला लावा.

शाळेत एखादा प्रोजेक्टर किंवा लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे, स्वतःचा मोबाइल आहे, वारली शिकवायची इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. कलाशिक्षक असायलाच हवं असं नाही. संगणकाचं फार ज्ञानही लागत नाही.

कॅमेरा काढायच्या आधी

वारली म्हणजे त्रिकोणी माणसांचं नक्षीकाम, ही समजूत आधी स्वतःच्या डोक्यातून काढावी लागते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांत राहणाऱ्या वारली समाजाची ही चित्रं मुळात लग्नाची. कुडाच्या भिंतीला शेण-माती लिंपायची, वर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने सवाशिणींनी लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी मांडणीचं चित्र, लिहायचा. चौकात पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, तेव्हा लग्न लागतं. म्हणजे हे घर सजवणं नव्हे, विधी आहे. त्यामुळे मुलांना पहिल्याच दिवशी चौक काढायला देऊ नये असं माझं मत आहे. झाड, गुरं, शेत, माणूस, नाच यांत शिकण्यासारखं भरपूर आहे. चौकाबद्दल कलाकाराला विचारा आणि तो म्हणेल तसं करा.

कागदावरची वारली फार जुनी नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग नेले आणि ही चित्रं भिंतीवरून बाहेर आली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे हे तेव्हा पुढे आलेलं सगळ्यात मोठं नाव. बायकांच्या हातची ही कला त्यांनी पुरुष असून रोजची केली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं मोठ्या पडद्यावर मुलांना दाखवा आणि रेघा मोजायला सांगा. दोन मिनिटांत मोजणं सोडून देतात, पण ती दोन मिनिटं फार चांगली जातात.

मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हाताशी ठेवा. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागीर-कलाकारांकडून शिकावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कलाकाराला शाळेत बोलावण्यासाठी याहून सोपं कारण नाही.

पहिली पायरी: शाळेत खरोखर काय चालतं ते बघा

यादीत प्रोजेक्टर असतो, पण त्याचा दिवा गेलेला असतो. टीव्ही असतो, रिमोट नसतो. म्हणून तासाच्या आदल्या दिवशी वर्गात जाऊन सगळं एकदा लावून बघा.

मोबाइल पडद्याला जोडायचे तीन मार्ग. केबल हा सगळ्यात भरवशाचा, पण मोबाइलचं टाइप-सी भोक सारखं दिसतं म्हणून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. पुष्कळ स्वस्त फोनमध्ये त्यातून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. ॲडाप्टर विकत घेण्याआधी दुकानात स्वतःचा फोन लावूनच बघा. दुसरा मार्ग बिनतारी, म्हणजे स्क्रीन कास्ट. बहुतेक वेळा दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर लागतात आणि चित्र थोडं मागून येतं. हात हलल्यावर अर्ध्या सेकंदाने पडद्यावर हलतो, त्याची मुलांना गंमत वाटते, शिकवणाऱ्याला वैताग येतो. तिसरा मार्ग पेन ड्राइव्ह. आधी चित्रीकरण करायचं, एमपी४ फाइल पेन ड्राइव्हवर घालायची, टीव्हीला लावायची. नेट नको, वायफाय नको. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. फक्त पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, हे लक्षात ठेवा. तशीही एवढी मोठी फाइल आपल्याला लागणार नाही.

प्रोजेक्टर वापरणार असाल तर एक भांडण आधीच मिटवा. पडदा दिसायला वर्गात अंधार हवा आणि चित्र काढायला उजेड. दोन्ही एकदम होत नाही. मी खिडक्या बंद करून बघायचं, मग खिडक्या उघडून काढायचं, असे दोन सरळ भाग केले. त्याचा फायदाही झाला: खिडकी उघडली की मुलांना आपोआप कळतं, आता हात.

आणि मोबाइल पडद्याला जोडण्याआधी विमान मोड. माझ्या तिसऱ्या तासाला ४० मुलांसमोर घरच्या ग्रुपवरचा निरोप मोठ्या अक्षरांत आला होता. त्यात काय होतं ते इथे सांगत नाही. बिनतारी जोडणार असाल तर विमान मोड लावून वायफाय तेवढं पुन्हा चालू करा आणि सूचना बंद ठेवा.

दुसरी पायरी: वरून बघणारा कॅमेरा

महागडा डॉक्युमेंट कॅमेरा नको. दोन सारख्या उंचीची स्टुलं टेबलावर ठेवा, त्यांच्यावर आडवी लाकडी पट्टी टाका, पट्टीला रबर बँडने मोबाइल असा बांधा की भिंग पट्टीच्या कडेबाहेर येऊन खाली बघेल. खाली कागद. कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा, नाहीतर कलाकार तो सरकवत राहतो आणि चित्र चौकटीबाहेर जातं.

आता चार गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

कॅमेरा काढणाऱ्याच्या बाजूने ठेवा, समोरून नाही. समोरून घेतलं की वरचं खाली दिसतं, डावं उजवीकडे जातं आणि मुलं नेमकी उलटी रेघ शिकतात. काढणाऱ्याच्या खांद्यावरून आपण डोकावून बघतोय असं दिसलं पाहिजे. कागदाची खालची कड पडद्यावरही खालीच यायला हवी.

पांढरी रेघ जळू देऊ नका. गेरूचा गडद रंग चौकटभर पसरलेला असतो. कॅमेऱ्याला वाटतं, अंधार आहे, म्हणून तो स्वतःच उजेड वाढवतो. मग पांढरी रेघ ट्यूबलाइटसारखी चमकते आणि ती कुठे जाड आहे, कुठे बारीक, कुठे काडी सुकली, काही कळत नाही. पडद्यावर रेघेवर बोट दाबून धरा. फोकस तिथेच अडकतो आणि बाजूला छोटा सूर्य दिसतो, तो खाली ओढा. चित्र थोडं काळपट वाटेल, पण रेघ दिसेल. फोकस असा अडकवून ठेवल्याचा आणखी एक फायदा: हात मध्ये आला की चित्र सारखं धूसर-स्पष्ट होत नाही.

ट्यूबलाइटखाली चित्रीकरणात आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर मोबाइल बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी ५० हर्ट्झ निवडा, किंवा शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. तेही नसेल तर दिवा बंद करून खिडकीजवळ बसा. खिडकीचा उजेडच सगळ्यात चांगला.

उजेड डावीकडून घ्या, काढणारा डावखुरा असेल तर उजवीकडून. नाहीतर हाताची सावली नेमकी काडीच्या टोकावर पडते आणि जे बघायचं तेच झाकलं जातं.

तिसरी पायरी: कलाकाराकडून शिकणं आणि चित्रीकरण

स्वतः शिकून, स्वतःच्या हाताचा व्हिडिओ करून भागवता येतं. मीही दोन वर्षं तेच केलं. पण वारली समाजातला कलाकार काढतो ते बघितल्यावर माझे व्हिडिओ मी पुसून टाकले. माझा हात मोजून त्रिकोण काढत होता, त्यांचा हात माणूस काढत होता.

आधी भेटा, नुसता फोन करून कामाला लावू नका. तीन गोष्टी पहिल्या भेटीतच स्पष्ट बोला: मानधन किती, व्हिडिओ कुठे दाखवणार, नाव कसं द्यायचं. “मुलांसाठीच आहे, शाळेचं काम आहे” म्हणून मानधन टाळणं हे आपल्या शाळांत सर्रास चालतं आणि ते वाईट आहे. व्हिडिओ फक्त वर्गात दाखवणार की यूट्यूबवर टाकणार, यात फार फरक आहे. वर्गासाठी ‘हो’ म्हणालेला माणूस नेटवर टाकायला ‘नाही’ म्हणू शकतो. साध्या मराठीत अर्धं पान लिहा, वाचून दाखवा, दोघांनी सही करा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहील, हेही त्यात लिहा; शाळेने नुसते कागद आणि रंग दिले म्हणून तो शाळेकडे येत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही (जीआय) आहे, म्हणजे हे नाव मूळ भागातल्या कामासाठी नोंदवलेलं आहे. त्यामुळे मुलांनी वर्गात काढायला काही अडचण नाही, पण शाळेने त्याच चित्रांच्या पिशव्या छापून ‘वारली’ म्हणून विकायच्या ठरवल्या तर आधी चौकशी करा.

चित्रीकरणाच्या दिवशी कलाकाराला “हळू काढा” असं सांगू नका. हळू काढलं की हात अडखळतो, रेघ थरथरते. नेहमीच्या वेगाने काढू द्या, वेग नंतर मोबाइलवर कमी करता येतो. तेच चित्र तीन वेळा काढायला सांगा: एकदा वरून, एकदा बाजूने, म्हणजे काडीचा कोन आणि मनगट दिसेल, आणि एकदा फक्त रंगाच्या वाटीवर कॅमेरा ठेवून. हे तिसरं चित्रीकरण माझ्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीसाठी. काडी किती बुडते, वाटीच्या कडेला पुसली जाते की नाही, एका बुडवणीत किती रेघ निघते, हे सगळं तिथे आहे. काडीचं टोक चावून किंवा ठेचून कसं मऊ करतात तेही घ्या, मुलांना ते स्वतः करायचं असतं.

आवाजासाठी दुसरा मोबाइल घ्या. वरचा कॅमेरा तोंडापासून लांब असतो, त्यात पंख्याची घरघर जास्त येते. दुसरा फोन कलाकाराच्या खिशात किंवा कागदाशेजारी ठेवून नुसता आवाज टिपा. दोन्ही चालू केल्यावर एक टाळी वाजवा. नंतर जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक आणली की सगळं जुळतं. पंखा बंद. उकडलं तरी बंद.

एक प्रश्न जरूर विचारा: आधी काय काढता? वरचा त्रिकोण आधी की खालचा, डोकं कधी, हात कधी, हे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. तुमच्या कलाकाराचा क्रम लिहून घ्या आणि वर्गात त्यांच्या नावानेच सांगा. ‘वारलीत असंच काढतात’ असं म्हणू नका.

चौथी पायरी: तुकडे करा

तासभर चित्रीकरण झालं की त्यातून ३० ते ६० सेकंदांचे १० तुकडे काढा. जास्त नको. मोबाइलवरचं कुठलंही साधं व्हिडिओ ॲप चालतं. शीर्षकं, चमकत्या पाट्या, मागचं संगीत काहीही घालू नका. काडीचा कागदावर होणारा बारीक आवाज ऐकू आला पाहिजे.

फाइलींना नावं अशी द्या की तुम्ही रजेवर असलात तरी बदली शिक्षकाला कळेल: ०१ काडी तयार करणे, ०२ रंग कालवणे, ०३ उभा माणूस, ०४ वाकलेला माणूस, ०५ बैल. आकडे पुढे घातले की टीव्हीवर त्याच क्रमाने लागतात. चित्रं आणि व्हिडिओ एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, तिथे ते दाबून लहान केले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जसेच्या तसे जातात.

दीक्षा ॲप आणि नेटवरचे इतर व्हिडिओ जोडीला वापरता येतील. मात्र ते आधी पूर्ण बघून, लागणारा अर्धा मिनिट तेवढा टिपून ठेवा. वर्गात बसून शोधाशोध करायची नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष तास

शक्यतो जोडतास मागून घ्या. ३५ मिनिटांच्या एका तासात रंग वाटण्यातच दहा मिनिटं जातात. जोडतास असा चालतो:

सुरुवातीला पडदा नाही. काडी, कागद, वाटी हातात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून प्रत्येकाने दोन रेघा मारायच्या. पाणी जास्त झालं की रेघ पसरते, कमी झालं की तुटते. दाट ताकासारखं झालं की बरं चालतं. कागदावर नुसतं पीठ सुकल्यावर झडतं, म्हणून थोडा डिंक लागतो. नेहमीसाठी पांढरा पोस्टर कलर वापरला तरी पहिल्या दिवशी पीठच वापरा. स्वतः फसल्यावर मुलं पडदा वेगळ्या डोळ्यांनी बघतात, आता त्यांना प्रश्न पडलेले असतात.

मग तुकडा लावा, ‘उभा माणूस’ समजा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, काही न बोलता. शिक्षकाला हे जड जातं, पण गप्प राहायचं. दुसऱ्यांदा लावताना मध्ये थांबवून विचारायचं: आता काडी कुठे जाईल? मुलं हवेत बोटाने दाखवतात. तिसऱ्यांदा निम्म्या वेगाने. झालं. पडदा बंद, खिडक्या उघड्या, २५ मिनिटं हात.

पडदा चालू ठेवून त्यावर बघत बघत काढू देऊ नका. मुलं मग पडद्याची नक्कल करतात, त्यांची रेघ सारखी थांबते. प्रोजेक्टर थेट कागदावर मारून गिरवायला लावणं तर त्याहून वाईट. भिंतीवर मोठं चित्र करायचं असेल आणि वेळ नसेल तर एकवेळ ठीक, शिकवण्यासाठी नाही.

शेवटची दहा मिनिटं कॅमेरा मुलांच्या हातांवर. दोन-तीन मुलांना स्टुलांच्या मधे बसवा, त्यांचा हात मोठ्या पडद्यावर. पहिल्या वेळी ती लाजतात, दुसऱ्या वेळी रांग लागते. इथे एक गोष्ट फार सुंदर दिसते: माणूस वाकलेला, धावणारा, ओझं उचलणारा दिसतो तो दोन त्रिकोणांच्या टेकण्यावरून. वरचा त्रिकोण जरासा कलला की माणूस कामाला लागतो. हे फळ्यावर शंभरदा सांगून कळत नाही. पडद्यावर मोठं झालं की सगळ्यांना एकदम दिसतं. डोळे-नाक काढणारी मुलंही मग हळूहळू ते सोडतात, कारण चेहऱ्याचं काम अंगच करतंय हे त्यांना कळतं.

सहावी पायरी: तारपा फिरवणं

चार-पाच तास झाले की मुलांना काहीतरी हलणारं करायचं असतं. तेव्हा स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू जराजरा सरकवत एकेक फोटो काढून त्यांची फिल्म करणं. तंत्र म्हणून माझ्या मते वारलीला सगळ्यात जवळचं हेच, कारण यातही सगळं हातानेच सरकवायचं असतं.

तारपा हे वाळलेला भोपळा आणि बांबू यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती वळत जातात. चित्रात याची गोगलगाईसारखी गुंडाळत गेलेली रांग होते. कार्डशीटवर गेरू लावून पार्श्वभूमी करा. माणसं वेगळ्या कागदावर काढून कापा, १५ ते २० पुरेत. प्रत्येक माणूस वेगळ्या मुलाचा असू द्या, रांगेला जिवंतपणा येतो.

मोबाइल त्याच स्टुलांच्या पट्टीवर. स्टॉप मोशनचं कुठलंही मोफत ॲप घ्या, आधीचा फोटो फिकट दिसण्याची सोय त्यात आहे ना एवढं बघा. त्यामुळे माणूस किती सरकवला ते कळतं. सेकंदाला ८ फोटो धरले तर १० सेकंदांच्या फिल्मला ८० फोटो लागतात. १२ धरले तर १२०. शाळेत ८ पुरतात. एका फोटोला माणूस साधारण अर्धा सेंटिमीटर सरकवा. जास्त सरकला तर उड्या मारतो.

कामं वाटून द्या: चौघं माणसं सरकवणार, एक जण “हात बाहेर!” ओरडणार, एक जण फोटो काढणार, एक वहीत आकडा लिहिणार. हात बाहेर म्हणणारा नसेल तर प्रत्येक पाचव्या फोटोत कोणाचं तरी बोट येतं. फोटोचं बटण मोबाइलवर दाबलं की पट्टी हलते, म्हणून इयरफोनची तार जोडून तिच्या आवाज वाढवण्याच्या बटणाने फोटो काढा. पुष्कळ फोनमध्ये हे चालतं.

इथे मात्र खिडकीचा उजेड नको. ढग आला-गेला की फिल्मभर उजेड लुकलुकतो. खिडकी बंद, दिवा चालू, उजेड आणि फोकस अडकवून ठेवलेला. सगळं एका बैठकीत संपवा. मधल्या सुट्टीत टेबलाला कोणीतरी धक्का देतंच.

आवाज म्हणून नेटवरचं गाणं उचलून लावू नका. कलाकाराने किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणी तारपा वाजवला तर परवानगीने टिपा, नाहीतर मुलांच्या पावलांचा ताल टिपला तरी चालतो.

टॅबलेट, संगणक आणि एआय

हे शेवटी, आणि थोडंच. क्रिता किंवा इंकस्केप ही मोफत सॉफ्टवेअर चांगली आहेत. पण वारलीसाठी त्यांचा मी एकच उपयोग करते. मुलांना कागदावर १० माणसं काढायला लावते, त्यातल्या एकाचा फोटो घेऊन संगणकावर त्याच्या १० प्रती शेजारी शेजारी ठेवते. दोन्ही रांगा पडद्यावर. “काय फरक?” कॉपीची रांग गणवेशातली कवायत दिसते, हाताची रांग जत्रेत निघालेली. त्यानंतर कॉपी-पेस्टचा मोह पुष्कळ कमी होतो.

चित्र बनवणाऱ्या एआयकडून ‘वारली’ मागवली तर कधी माणसांना चेहरे येतात, कधी तारप्याच्या जागी तुतारीसारखं काहीतरी येतं, कधी एखाद्याला तीन हात असतात. नमुना म्हणून ती वर्गात कधीच लावू नका. चुका शोधायचा खेळ म्हणून लावा. सहा आठवडे शिकलेली सातवीची मुलं भराभर चुका सांगतात, आणि ती माझ्यासाठी परीक्षाच असते.

हीच पद्धत पिंगुळीच्या चित्रकथीला (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) किंवा सावंतवाडीच्या गंजिफाला (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) चालते. फक्त तिथे रंगांचा थर आणि बारीक ब्रश असल्यामुळे कॅमेरा आणखी जवळ न्यावा लागतो.

फोटो, नावं आणि परवानग्या

मुलांच्या कामाचे फोटो वरून, सावलीतल्या उजेडात घ्या, फ्लॅश न वापरता. कागदाच्या चारही कडा चौकटीत सरळ बसल्या पाहिजेत. फाइलीचं नाव इयत्ता, हजेरी क्रमांक, महिना. मुलांचे चेहरे मी घेत नाही, फक्त हात आणि कागद. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत संमतीपत्रक भरून घेतलं की पुढे धावपळ होत नाही. सगळ्याच्या दोन प्रती ठेवा, एक शाळेच्या संगणकावर, एक वेगळ्या ड्राइव्हवर. माझा एका वर्षाचा सगळा साठा एकाच पेन ड्राइव्हवर होता आणि तो पेन ड्राइव्ह कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही.

तारप्याची फिल्म झाली की स्नेहसंमेलनाआधी कलाकाराला दाखवा. आमची पहिली फिल्म मी मोठ्या कौतुकाने मोबाइलवर दाखवली. त्यांनी दोनदा बघितली, हसले, मग एका जागी बोट ठेवलं. “हा पोरगा वाजवणाऱ्याकडे पाठ करून नाचतोय. तारप्याला पाठ करत नाहीत.” आम्ही कोणीच ते बघितलं नव्हतं, कागदी माणूस सरकवताना उलटा झाला होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांनी स्वतःहून स्टुलं मांडली आणि ४१ ते ६३ क्रमांकाचे फोटो पुन्हा काढले.